रोग ओळखता येतो, मग मार्क कुठे जातात? एफएमजीईच्या तयारीसाठी एका फिजिशियनचं उत्तर

एफएमजीई म्हणजे परदेशात एमबीबीएस केलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. तिच्याबद्दल प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी मूळचा लातूरचा. किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून एमबीबीएस करून आलो. एफएमजीई दोनदा दिली. पहिल्यांदा १३८, दुसऱ्यांदा १४४. रोग ओळखता येतो, पण 'पुढे काय कराल' असं विचारलं की चारपैकी दोन पर्याय बरोबर वाटतात आणि मी नेमका चुकीचा धरतो. ताप, सर्पदंश, छातीत दुखणं, मधुमेह, गरोदर बाईला येणारे झटके, हे सगळं निदान आणि उपचार म्हणून कसं अभ्यासायचं? डोस सगळे पाठ करायचे का?"

१४४ म्हणजे सहा प्रश्नांनी हुकलं. तीनशेपैकी दीडशे लागतात, चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. तुझा पाया कच्चा असता तर तू इथवर पोचलाच नसतास. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सगळे व्हिडिओ बघायला बसू नकोस. त्यात सहा महिने जातील आणि तू परत तिथेच येशील.

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: दोन पर्याय बरोबर वाटतात. बाळा, बहुतेक वेळा ते दोन्ही खरोखरच बरोबर असतात. एक आत्ता करायचं असतं, दुसरं तासाभराने किंवा चार दिवसांनी. रोगाचं नाव तर प्रश्नातच अर्धं सांगितलेलं असतं. पेशंट आजाराच्या कितव्या तासाला किंवा कितव्या दिवशी आला आहे, हे तू वाचलंस की नाही, ते पेपर काढणारा बघतो. माझ्याकडे रविवारी बसणाऱ्या मुलांना मी म्हणूनच एक सवय लावते. सरावाचा प्रश्न कागदावर घ्यायचा आणि निदानाकडे वळायच्या आधी वेळेच्या शब्दाखाली रेघ मारायची. "तीन दिवसांपासून", "दोन तासांपूर्वी", "ताप उतरल्यावर", "रात्री झोपेत". महिनाभर केलं की संगणकासमोर रेघ मारता आली नाही तरी डोळा तिथे आपोआप थांबतो.

तापापासून सुरू करू, कारण पावसाळ्यात आमच्या ओपीडीत तेच असतं आणि पेपरातही ते हमखास असतं. डेंग्यूचा पेशंट तिसऱ्या दिवशी आला तर एनएस१ अँटिजेन, म्हणजे विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी मागायची. पाचव्या दिवसानंतर आला तर आयजीएम, म्हणजे शरीराने बनवलेली अँटिबॉडी. तिसऱ्या दिवशी आयजीएम मागितलंस तर बहुधा निगेटिव्ह येईल आणि तू त्याला साधा व्हायरल म्हणून घरी पाठवशील. टायफॉइडचंही तसंच. पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर, विडाल ही अँटिबॉडीची तपासणी दुसऱ्या आठवड्यापासून, मग शौच, मग लघवी. आधीच कुठेतरी अँटिबायोटिक घेऊन आलेल्या पेशंटमध्ये सगळ्यात संवेदनशील तपासणी विचारली तर अस्थिमज्जेचं कल्चर. "सगळ्यात संवेदनशील" आणि "आत्ता कोणती पाठवाल" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुझ्या सहा मार्कांपैकी एखादा तरी इथेच गेला असणार.

डेंग्यूत आणखी एक गोष्ट आहे, जी घरच्या माणसांना पटवून देताना माझा घसा कोरडा पडतो. ताप उतरला की लोक म्हणतात, "आता उतार पडला, सोडा घरी." धोका नेमका तिथूनच सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतानाच, रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा गळू लागतो. समज, प्रश्न असा आहे: पाचवा दिवस, ताप नाही, पोटात सतत दुखतंय, चार उलट्या झाल्या, पेशंट मलूल आहे, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं टक्केवारी प्रमाण) ३८ वरून ४८ वर, प्लेटलेट ४०,०००, कुठे रक्तस्राव नाही. पर्याय आहेत प्लेटलेट देणं, घरी सोडणं, स्टेरॉइड आणि शिरेतून क्रिस्टलॉइड, म्हणजे सलाईनसारखं द्रव. मुलं प्लेटलेटवर बोट ठेवतात, कारण वर्तमानपत्रात आणि नातेवाइकांच्या तोंडी तोच आकडा असतो. इथे पाहायचा आकडा हिमॅटोक्रिटचा आहे. तो २० टक्क्यांहून जास्त चढलाय, म्हणजे पाणी वाहिन्यांबाहेर चाललंय. उत्तर क्रिस्टलॉइड, आणि तेही मोजून, कारण दोन दिवसांनी तेच पाणी परत आत येतं आणि तेव्हा चालू ठेवलेलं सलाईन फुप्फुसात उतरतं. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेटचा विचार साधारण १०,००० च्या खाली गेल्यावर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक द्यायचं नाही, तापाला फक्त पॅरासिटामॉल.

ताप, कावीळ आणि लघवी कमी असं त्रिकूट दिसलं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात आणायचा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे किती पेशंट आले, ते त्या काळी काम करणाऱ्या कुणालाही विचार. कोकणात भातलावणीत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसांचा हा आजार आहे. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. पोटऱ्या दाबल्या तर माणूस कळवळतो. बिलिरुबिन बरंच चढलेलं, पण यकृताची एंझाइम्स त्या मानाने किरकोळ वाढलेली. मूत्रपिंड बिघडलेलं असूनही पोटॅशियम कमी किंवा नॉर्मल. हा शेवटचा मुद्दा परीक्षकांना फार आवडतो. प्रयोगशाळेत एमएटी ही अँटिबॉडीची तपासणी सुवर्णकसोटी मानतात, पण पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी सापडत नाहीत. म्हणून उपचार रिपोर्टसाठी थांबवायचे नाहीत: सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन, गंभीर असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस, औषध डॉक्सिसायक्लिनच. पेशंटचे कपडे काढून तपासल्याशिवाय ती खपली दिसत नाही, एवढं पुढे नोकरीतही लक्षात ठेव.

मलेरियात व्हायवॅक्स या जातीच्या परजीवीला क्लोरोक्विन आणि यकृतात लपलेल्या परजीवीसाठी १४ दिवस प्रायमाक्विन. त्याआधी जी६पीडी या एंझाइमच्या कमतरतेचा विचार करायचा आणि गरोदर बाईला ते द्यायचं नाही. गंभीर मलेरिया असेल तर जात कुठलीही असो, शिरेतून आर्टेसुनेट. एवढं पुरे.

आता सर्पदंश. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे. बिश्केकच्या वॉर्डात तू हे पाहिलेलं नाहीस, त्यात तुझा काही दोष नाही. पण इथे इंटर्नशिपच्या पहिल्याच पावसात तुला हे दिसेल.

माझी पहिलीच नोकरी होती. आषाढातली रात्र, पहाटेचे चार. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आई आली. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या. पोट मऊ, ताप नाही, अंगावर कुठे काही खूण नाही. मी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि बाकावर बसवून ठेवलं. पाऊण तासाने आई म्हणाली, "बाई, ह्याला झोप येतेय वाटतं, डोळे उघडेनात." ड्यूटीवरच्या सिस्टरने त्याच्याकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हा जमिनीवर झोपतो का?" तो जमिनीवरच झोपत होता. पापण्या मिटत होत्या ती झोप नव्हती, टोसिस होता, म्हणजे पापण्या उचलणारे स्नायू लुळे पडले होते. मण्यार चावली होती. नळी घातली, दोन तास हाताने श्वास दिला, मोठ्या रुग्णालयात पोचवला. तो वाचला. पण तो पाऊण तास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि तेव्हापासून रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पोट दुखलं की मी आधी त्याच्या पापण्या बघते.

हाच प्रश्न परीक्षेत जवळजवळ शब्दशः येतो. "शेतमजूर, रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटदुखी आणि उलटी, आता दोन्ही पापण्या खाली, दंशाची खूण नाही." मण्यार. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, दुखणं नाही. नागाच्या दंशात पापण्या पडतातच, पण दंशाची जागा सुजते, काळी पडते. घोणस चावली की प्रचंड सूज, हिरड्यांतून रक्त आणि पुढे लघवी बंद. फुरसं आकाराने लहान, कोकणात कातळावर भरपूर, रक्त न गोठणं हेच त्याचं मुख्य लक्षण. हे चार साप तुला झोपेतही वेगळे सांगता आले पाहिजेत, कारण आपल्याकडचं प्रतिविष या चारांसाठीच बनतं.

रक्ताची तपासणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिला लॅब लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं न हलवता, मग नळी एकदा तिरपी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. नळी काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर न गोठणारं रक्त म्हणून चुकीचं उत्तर मिळतं. प्रतिविषाच्या सुरुवातीच्या १० बाटल्या, आणि लहान मुलालाही तेवढ्याच. मुलं इथे वजनाप्रमाणे डोस कमी करतात आणि मार्क घालवतात. सापाने मुलाचं वजन बघून विष कमी सोडलेलं नसतं. रक्ताचा बिघाड असेल तर तीच २० मिनिटांची तपासणी ६ तासांनी पुन्हा. मध्येच दर तासाला प्रतिविष ओतत राहायचं नाही, कारण यकृताला गोठण्याचे घटक नव्याने बनवायला तेवढा वेळ लागतो. न्यूरोटॉक्सिक, म्हणजे मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या दंशात मात्र तासाभराने बघायचं, आणि सोबत निओस्टिग्मिन, त्याआधी अ‍ॅट्रोपिन. नागाला याचा चांगला उपयोग होतो. मण्यारीला फारसा नाही, कारण तिचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. तिथे पेशंटला वाचवतो तो व्हेंटिलेटर.

प्रतिविष चालू असताना अंगावर गांधी उठल्या, घरघर सुरू झाली, रक्तदाब पडला, तर पुढचं पाऊल? बाटली थांबवायची आणि अ‍ॅड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्यांना ०.५ मिलिग्रॅम. पर्यायांत अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही अ‍ॅलर्जीवरची औषधं असतातच. तीही देतात, पण नंतर. आणि पेशंट सावरल्यावर प्रतिविष हळू वेगाने पुन्हा सुरू करायचं. "कायमचं बंद" हा पर्याय चूक. घट्ट आवळलेली दोरी एकदम सोडायची नाही, प्रतिविष आणि श्वासाची तयारी झाल्यावर सोडायची. गावाकडे साप हा शब्दच उच्चारत नाहीत, "पान लागलं" म्हणतात. तुझ्या ओपीडीत कुणी दबक्या आवाजात तसं म्हणालं तर कळायला हवं.

विंचवाचा विषय आपल्या महाराष्ट्राचाच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यात, आधी सरकारी आरोग्य केंद्रात आणि नंतर महाडला, लाल विंचवाच्या दंशाने मुलं फुप्फुसात पाणी भरून दगावताना पाहिली आणि प्राझोसिन वापरून तो मृत्युदर खाली आणला. लॅन्सेटपासून बीएमजेपर्यंतच्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचं काम छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रश्न सोडवताना एवढं बघ: ठणका फार आहे पण हातपाय गरम आहेत, तर फक्त दुखण्यावर औषध. ठणका कमी, पण दरदरून घाम, लाळ, उलट्या, हातपाय गार, लहान मुलात लिंग ताठलेलं, तर विष अंगात भिनलंय. मग प्राझोसिन तोंडाने, किलोला ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी, पेशंटला आडवं ठेवून. बावस्करांचाच बीएमजेतला २०११ चा अभ्यास सांगतो की प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष दिलं तर पेशंट लवकर सावरतो. इथे बीटा ब्लॉकर दिसला तर तो पर्याय आधी खोड.

विषबाधेत ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे कीटकनाशकांतलं विष. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करणारे मजूर दगावले, तेव्हा सगळ्या देशाला कळलं की हे विष पिऊनच भिनतं असं नाही, कातडीतून आणि श्वासातूनही भिनतं. म्हणून पहिलं काम कपडे काढणं आणि अंग धुणं, आपण हातमोजे घालून. श्वासाची वाट मोकळी करायची आणि लगेच अ‍ॅट्रोपिन, दर पाच मिनिटांनी दुप्पट. कुठे थांबायचं? छाती कोरडी झाली, नाडी ८० च्या वर गेली, काख कोरडी पडली की. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत देत राहणं हा पर्याय खास तुझ्यासाठी ठेवलेला असतो, त्यात पडू नकोस. पुढचा प्रश्न हमखास हा: तिसऱ्या दिवशी पेशंट छान बोलतोय, पण उशीवरून मान उचलत नाही. हा इंटरमीडिएट सिंड्रोम, एक ते चार दिवसांत दिसतो. आता अ‍ॅट्रोपिन वाढवून उपयोग नाही, श्वासाचे स्नायू दमत चाललेत, व्हेंटिलेटरची तयारी करायची.

छातीत दुखण्याच्या प्रश्नात दोन घड्याळं असतात: दुखायला लागून किती वेळ झाला आणि कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची सोय) किती लांब आहे. ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत. ईसीजीतला एसटी हा भाग चढलेला, दुखणं १२ तासांच्या आतलं आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल तर तीच. पण प्रश्नात "तालुक्याचं रुग्णालय, कॅथलॅब तीन तासांवर" असं लिहिलं असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध इथेच, मग पेशंट पुढे पाठवायचा. मुलं दोन्ही वेळा अँजिओप्लास्टीच निवडतात, कारण पुस्तकात ती श्रेष्ठ म्हणून लिहिलेली असते. ती श्रेष्ठ आहेच, वेळेत झाली तर. गडचिरोलीच्या माणसाला नागपूर गाठेपर्यंत हृदयाचा स्नायू वाट बघत नाही. आणि खालच्या भिंतीचा झटका असेल, रक्तदाब कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि फुप्फुसं स्वच्छ असतील तर उजव्या बाजूचे लीड बघ. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवलंस तर रक्तदाब आणखी पडेल. इथे सलाईन लागतं.

पक्षाघातात आधी बोटातून साखर, मग बिनकॉन्ट्रास्ट सीटी, ४.५ तासांच्या आत असेल आणि रक्तदाब १८५/११० च्या खाली आणता येत असेल तर गुठळी विरघळवणारं औषध. सकाळी उठतानाच अर्धांग झालं असेल तर वेळ धरायची ती काल रात्री शेवटचं ठीक पाहिलं तिथून. उठल्यापासून धरलीस की उत्तर चुकलं.

मधुमेहातला कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणं) मी प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून शिकवते, कारण इथे बरोबर गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्या तर पेशंट जातो. साखर ४८०, श्वास खोल आणि जोरात, तोंडाला फळासारखा वास. हात इन्सुलिनकडे जातो. आधी नॉर्मल सलाईन, आणि पोटॅशियम बघ. ते ३.३ च्या खाली असेल, नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३.५ च्या खाली, तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम द्यायचं. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं आणि आधीच कमी असलेलं आणखी पडून हृदय थांबतं. मग ताशी ०.१ युनिट किलोमागे. साखर २०० ते २५० च्या घरात आली की इन्सुलिन बंद करावंसं वाटतं, तिथे डेक्स्ट्रोज जोडायचं आणि इन्सुलिन चालूच ठेवायचं, कारण आपण साखर नव्हे तर आम्ल घालवतोय, आणि ते अ‍ॅनायन गॅप (रक्तातल्या आम्लाचा अंदाज देणारा आकडा) बंद झाल्यावरच गेलं म्हणायचं. त्वचेखालचं इन्सुलिन दिल्यावर एक-दोन तासांनी शिरेतलं बंद.

गरोदर बाईला झटका आला, रक्तदाब १७०/११०, लघवीत प्रथिनं. निश्चित उपचार प्रसूती, पण "पुढचं पाऊल" विचारलं तर कुशीवर वळवणं, श्वासमार्ग, ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम सल्फेट. आरोग्य केंद्रात प्रिचार्ड पद्धत चालते: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, मग दर चार तासांनी ५. प्रत्येक पुढच्या डोसआधी गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो तो), श्वास आणि लघवी ताशी ३० मिली आहे का ते बघायचं. आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास. दोन्ही मंदावले तर कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर गर्भाशय चोळणं आणि ऑक्सिटोसिनसोबत ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड ३ तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर फायदा होत नाही.

जुलाबाच्या मुलांचं सगळं कोष्टकच वेळेवर बांधलेलं आहे. थोडं कोरडं पडलेलं मूल, प्लॅन बी, किलोला ७५ मिली ओआरएस ४ तासांत. फारच कोरडं, निपचित मूल, प्लॅन सी, किलोला १०० मिली शिरेतून: वर्षाच्या आतलं असेल तर पहिले ३० एका तासात आणि उरलेले ७० पाच तासांत. मोठं असेल तर अर्ध्या तासात आणि अडीच तासांत. झिंक १४ दिवस. कुत्रा चावला तर साबणाच्या पाण्याने १५ मिनिटं धुणं हेच पहिलं पाऊल. तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे कातडी फाटलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच भरायचं आणि पहिल्या लशीपासून सात दिवस उलटले असतील तर द्यायचं नाही. डोळ्यात चुना उडाला तर दृष्टी तपासायच्या आधी डोळा धुवायचा. वृषणाला पीळ पडल्याची शंका असेल आणि पोरगा तीन तासांत आला असेल तर डॉप्लर सोनोग्राफीच्या रांगेत त्याला उभं करायचं नाही, थेट शस्त्रक्रिया. छातीत दाबाखाली हवा साठली असेल तर एक्स-रेच्या आधी सुई.

आता मार्कांचं गणित. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३० आणि पीएसएमही, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषयही, ३०. परदेशात शिकलेली मुलं पीएसएम शेवटच्या आठवड्यावर टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तिथे भारताचे राष्ट्रीय कार्यक्रम आणि लसीकरणाचं वेळापत्रक शिकवलेलं नसतं आणि नेमके तेच सोपे मार्क असतात. गावातल्या आशाताईंबरोबर एक दिवस फीर. लसीकरणाचं सत्र बघ, क्षयरोगाच्या पेशंटचं कार्ड वाच. औषधांच्या नावांची नुसती घोकंपट्टी करण्यापेक्षा जास्त लक्षात राहील. अ‍ॅनाटमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीचे १७-१७ मार्क तू बहुधा आधीच घेतोयस. तिकडे जास्त वेळ घालवू नकोस.

डोस सगळे पाठ करायचे का? नाही. रात्र थोडी, सोंगं फार. पुस्तक उघडायला वेळ मिळणार नाही असे तेवढेच: अ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅट्रोपिन, प्रतिविष, मॅग्नेशियम, इन्सुलिन, आर्टेसुनेट, मुलांचं सलाईन, झटका न थांबणाऱ्या पेशंटला लोराझेपाम. एका पानावर बसतात. बाकीच्यांत औषध कुठलं आणि कुणाला द्यायचं नाही, एवढं पुरतं.

आणि या आठवड्यात एक काम कर. तुझ्या चुकलेल्या सराव प्रश्नांपैकी वीस वहीत उतरव. बरोबर उत्तर सगळेच लिहितात, तू तुझ्या चुकलेल्या पर्यायापुढे लिही, तो कुठल्या तासाला, कुठल्या रुग्णालयात, कुठल्या पेशंटसाठी बरोबर ठरला असता. प्लेटलेट कधी दिल्या असत्या? अ‍ॅट्रोपिन कधी वाढवलं असतं? तीन तासांवरच्या त्या पेशंटला अँजिओप्लास्टीला कधी पाठवलं असतं? ज्या प्रश्नांना असा तास सापडणार नाही, ते वेगळ्या पानावर काढून मला पाठव. तेवढंच तुला खरोखर वाचायचं उरलेलं आहे, ते आपण एकेक करून घेऊ.